पुराव्याचे माप सर्वांना एकच हवे: निषेधपत्रकांवर सह्या करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मानवाधिकारांच्या प्रश्नांवर निषेधपत्रके काढणारे आणि त्यांवर सह्या करणारे लेखक, प्राध्यापक, संपादक व संघटनांचे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

जगात कुठे माणसे मारली गेली, तुरुंगात डांबली गेली किंवा घरादारातून हुसकावली गेली, की काही दिवसांत आपल्यापैकी कुणीतरी पत्रकाचा मसुदा तयार करतो, तो सह्यांसाठी फिरतो, वृत्तपत्रांकडे जातो आणि जमल्यास एखादी निषेधसभाही होते. अशा पत्रकांनी काय होणार, असे विचारणाऱ्यांपैकी मी नाही. मी ती लिहिली आहेत, त्यांवर सह्या केल्या आहेत आणि यापुढेही करणार आहे. बाहेर कुणीतरी आपले नाव घेत आहे हे कळल्यावर तुरुंगातल्या माणसाला किती बळ येते, हे सुटून आलेल्या अनेकांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा या पत्रातली तक्रार आपल्यातल्याच एकाची आहे, आणि ती मी जाहीरपणे मांडतो आहे, कारण आपसात आपण या गोष्टीवर बोलायचे टाळतो.

आपल्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की आपल्याला काही देशांचे अत्याचार दिसतात आणि काहींचे दिसत नाहीत. त्यावर आपले ठरलेले उत्तर असे, की प्रत्येक अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरणे कुणालाच शक्य नसते. हे उत्तर मला मान्य आहे. माणसाचा वेळ, ताकद आणि माहिती मर्यादित असते. ज्याने उमेदीची वर्षे म्यानमारच्या अभ्यासात घालवली त्याने म्यानमारबद्दलच बोलावे, त्याच्याकडून बोलिव्हियाचा हिशेब मागू नये. परंतु एवढ्याने दुटप्पीपणाचा आरोप निकालात निघत नाही. कोणत्या देशाबद्दल बोलायचे आणि कोणत्या देशाबद्दल बोलायचे नाही, ही निवड एक वेळ समजून घेता येते. एखादा अत्याचार झाला असे मान्य करण्यासाठी आपण एका देशाच्या बाबतीत किती पुरावा मागतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत किती, यातली तफावत मात्र समजून घेता येत नाही. ज्या राजवटीबद्दल आपले मत आधीच वाईट असते, तिच्याविरुद्धची पहिली बातमी आपल्याला पुरेशी वाटते. जिच्याशी आपले वैचारिक किंवा भावनिक नाते असते, तिच्याविरुद्ध उपग्रहाची छायाचित्रे, फुटलेली कागदपत्रे आणि शेकडो साक्षी पुढे आल्या तरी ‘स्वतंत्र पडताळणी होऊ द्या’ असे म्हणून आपण थांबतो, आणि ती पडताळणी झाली की ती करणाऱ्यांच्या हेतूंबद्दल बोलू लागतो.

हे नवे नाही. १६ मार्च १९८८ रोजी इराकी विमानांनी आपल्याच देशातल्या हलाब्जा या कुर्द शहरावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले आणि सुमारे ५,००० माणसे मेली, त्यांतली बहुतेक साधे नागरिक होती. इराणने परदेशी पत्रकारांना तिथे नेले. उंबरठ्यावर बाळाला छातीशी धरून पडलेल्या बापाचे आणि गल्लीत विखुरलेल्या मुलांचे फोटो काही दिवसांत जगभर छापून आले. त्या वेळी सद्दाम हुसेन यांची राजवट इराणविरुद्धच्या युद्धात पाश्चात्त्य देशांना उपयोगाची होती, म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, वायू इराणनेही वापरला असावा, अशी शंका पसरवली. ९ मे १९८८ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६१२ संमत केला, त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध केला, दोन्ही बाजूंनी ती वापरू नयेत अशी अपेक्षा व्यक्त केली आणि गुन्हेगाराचे नाव घेतले नाही. पुढे पंधरा वर्षांनी, इराकवर हल्ला करण्याच्या चार-पाच दिवस आधी, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आपल्या रेडिओ भाषणात हलाब्जाची आठवण काढली, आणि या वेळी गुन्हेगार कोण याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दरम्यानच्या काळात कागदपत्रांची भर पडली होती हे खरे. पण ते मृत चेहरे जगाने १९८८ च्या मार्चमध्येच पाहिले होते. २००३ च्या युद्धाला झालेला विरोध योग्यच होता असे मला आजही वाटते, आणि तरीही त्या विरोधकांमध्ये हलाब्जाचे नाव निघताच ‘हा युद्धखोरांचा प्रचार’ म्हणून ते झटकून टाकणारे होते, हे नोंदवल्याशिवाय ही हकिगत पूर्ण होत नाही. मेलेल्या माणसांना दोन्हीकडून वापरले गेले, एकदा त्यांच्याबद्दल शंका घेऊन आणि एकदा त्यांचा दाखला देऊन.

त्याआधीच्या दशकातले कंबोडिया आणि पूर्व तिमोर शेजारी ठेवून पाहावेत. १९७५ मध्ये ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाने कंबोडियाची सत्ता घेतली आणि चार वर्षांच्या आत १५ ते २० लाख माणसे उपासमार, आजार, वेठबिगारी आणि हत्यांना बळी पडली. थायलंडच्या सीमेवर पोहोचलेले निर्वासित जे सांगत होते त्यावर पश्चिमेतल्या अनेक डाव्या लेखकांनी विश्वास ठेवला नाही. निर्वासित नेहमीच अतिशयोक्ती करतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९७५ रोजी, इंडोनेशियाच्या सैन्याने पूर्व तिमोरवर आक्रमण केले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तामध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांना भेटले होते. तिथल्या चोवीस वर्षांच्या ताब्यात संघर्षापोटी किमान १,०२,८०० मृत्यू झाले, असा अंदाज पुढे तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने काढला, पण त्या मृत्यूंबद्दल, कंबोडियावर हळहळणाऱ्या पाश्चात्त्य वृत्तपत्रांत, जवळजवळ काहीच येत नव्हते. ज्यांनी कंबोडियातल्या निर्वासितांवर विश्वास ठेवला त्यांना तिमोरचे निर्वासित संशयास्पद वाटले, आणि उलटही घडले. शेवटी १९७९ मध्ये व्हिएतनामने ख्मेर रूजला हुसकावले, तेव्हा ज्या पाश्चात्त्य सरकारांनी त्या राजवटीच्या क्रौर्याची वर्णने केली होती त्यांनीच, चीनच्या बरोबरीने, संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा तिच्याच प्रतिनिधींकडे राहू दिली.

तिमोरची परिस्थिती बदलली ती एका चित्रफितीमुळे, आणि ती हकिगत आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १२ नोव्हेंबर १९९१ च्या सकाळी दिली या राजधानीच्या शहरात, पंधरवड्यापूर्वी मारल्या गेलेल्या एका तरुणाच्या कबरीकडे हजारो लोकांची मिरवणूक निघाली. सांताक्रूझ दफनभूमीपाशी सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. मॅक्स स्टाल हा ब्रिटिश चित्रपत्रकार आत होता. पळून भिंतीआड दडलेली मुले, कबरींच्या मधोमध रक्तबंबाळ मित्राला मांडीवर धरून बसलेला तरुण, दुरून ऐकू येणारे गोळीबाराचे आवाज, हे सगळे त्याने टिपले, आणि आपल्याला पकडणार हे दिसताच त्या फिती एका ताज्या कबरीच्या मातीत पुरल्या. त्याची सुटका झाल्यावर रात्री परत जाऊन त्याने त्या उकरून काढल्या आणि त्या लपवून देशाबाहेर पोहोचवल्या गेल्या. इंडोनेशियाच्या सरकारने आधी मृतांचा आकडा १९ सांगितला, नंतर तो पन्नासच्या घरात नेला. तिमोरमधल्या लोकांनी नावे गोळा करून तो अडीचशेच्या वर असल्याचे दाखवले. त्या फिती ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दिसल्या आणि तिमोरचा प्रश्न इतर देशांच्या संसदांपर्यंत पोहोचला. १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियात राहण्यास नकार दिला. ती फीत बाहेर येईपर्यंत सोळा वर्षे तिथले धर्मगुरू, निर्वासित आणि विद्यार्थी हेच सांगत आले होते. सोळा वर्षे त्यांची साक्ष पुरली नाही आणि काही मिनिटांची फीत पुरली, याचा दोष तंत्रज्ञानाच्या अभावाला देता येत नाही, कारण इतर देशांच्या बाबतीत याच काळात याहून कमी साक्षीवर पत्रके निघत होती.

आता संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेकडे येऊ, कारण आपण आपल्या पत्रकांत तिच्याच अहवालांचे दाखले देतो. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांनी चीनच्या शिनजियांग प्रांताविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि तिथल्या उइगुर व इतर मुस्लिम समाजांना डांबून ठेवण्याचे प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असे त्यात म्हटले. ६ ऑक्टोबरला जिनिव्हात परिषदेपुढे जो प्रस्ताव आला तो निषेधाचा नव्हता, चौकशी नेमण्याचाही नव्हता. या अहवालावर फक्त चर्चा व्हावी एवढाच तो होता. त्याच्या बाजूने १७ मते पडली, विरोधात १९, आणि ११ देश तटस्थ राहिले. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि सेनेगल यांनी चर्चेच्या विरोधात मत दिले. मुस्लिमबहुल देशांपैकी एकट्या सोमालियाने चर्चेच्या बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. सात महिने रशियाचे आक्रमण सोसत असलेला युक्रेनही तटस्थ राहिला. आणि तटस्थ राहणाऱ्यांत गांबियाही होता, ज्याने इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या संहाराबद्दल म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. खुद्द त्या संघटनेने त्याच वर्षी मार्चमध्ये अबू धाबी येथे ठराव करून, चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेत असल्याबद्दल त्याची प्रशंसा केली होती. म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या मुसलमानांसाठी जे पुरावे पुरले त्याच जातीचे पुरावे, म्हणजे उपग्रहाची छायाचित्रे, निसटून आलेल्यांच्या साक्षी आणि सरकारी कागद, शिनजियांगच्या मुसलमानांसाठी पुरले नाहीत, कारण मधल्या काळात आरोपीचे वजन बदलले होते.

पश्चिमेच्या बाबतीत हाच प्रकार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या निमित्ताने उघडा पडला. १७ मार्च २०२३ रोजी पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट निघाले तेव्हा अध्यक्ष बायडेन यांनी ते समर्थनीय ठरवले. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने नेतान्याहू यांच्याविरुद्ध वॉरंट काढले तेव्हा त्यांनीच संताप व्यक्त केला, आणि पुढच्या सरकारने तर न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि न्यायाधीशांवर निर्बंध लादले. दुसऱ्या बाजूला, गाझाच्या प्रश्नावर इस्रायलला हेगच्याच, पण वेगळ्या, आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेणाऱ्या दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये, दारफूरमधल्या नरसंहाराचा आरोप असलेले सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल बशीर यांना, फौजदारी न्यायालयाचे वॉरंट असताना, आपल्या देशातून सुखरूप जाऊ दिले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाने पुतिन यांचे आणि एप्रिल २०२५ मध्ये हंगेरीने नेतान्याहू यांचे स्वागत केले. हे दोन्ही देश त्या वेळी न्यायालयाचे सदस्य होते.

सरकारे हितसंबंध पाहतात आणि तसेच पाहत राहतील. आपल्याला मात्र ना कुणाला तेल विकायचे असते, ना कुणाकडून कर्ज घ्यायचे असते. असे असताना आपणही सरकारांसारखेच वागावे, याचे मला वाईट वाटते. गाझाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे आपली फूट सर्वांत खोल आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने मृतांचे आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा, मंत्रालय हमासच्या ताब्यात आहे, या एका कारणावरून ते फेटाळणारे आपल्यात होते. याआधीच्या युद्धांत याच मंत्रालयाचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीशी बऱ्याच अंशी जुळले होते, हे त्यांना माहीत होते किंवा माहीत करून घेणे सोपे होते. त्याच वेळी, ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५१ जणांना ओलीस नेले, त्या हल्ल्यातल्या लैंगिक अत्याचारांचा प्रश्न निघाला की ‘पुरावा कुठे आहे’ असे विचारणारेही आपल्यातच होते. एरवी, पीडितेच्या शब्दावर विश्वास ठेवा, असे तेच सांगत आले होते. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी, असे अत्याचार झाल्याचे मानायला वाजवी आधार असल्याचे सांगितल्यावरही त्यांच्या शंका संपल्या नाहीत. नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने जून २०२४ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी सशस्त्र गट या दोघांनाही युद्धगुन्ह्यांसाठी जबाबदार धरले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायल गाझात नरसंहार करत असल्याचा निष्कर्ष काढला. आयोग एक, त्याची पद्धत एक, त्याचे सदस्यही तेच. आपल्यातला एक गट त्याचा पहिला अहवाल अर्धाच वाचतो, आणि दुसरा गट आयोगच पक्षपाती ठरवून दोन्ही अहवाल बाजूला सारतो. ज्याला आयोगाच्या पद्धतीत खोट दिसते त्याने ती खोट दाखवावी. पण मग दोन्ही निष्कर्षांना तीच खोट लावून पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘आमच्या सरकारची शस्त्रे जिथे वापरली जातात तिथे आम्ही आवाज उठवतो’ असे शस्त्रे विकणाऱ्या देशांतले आपले सहकारी म्हणतात. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. नागरिकाची पहिली जबाबदारी आपल्या करातून घडणाऱ्या गोष्टींची असते, आणि जिथे आपला दाब पोहोचू शकतो तिथे तो टाकणे हा शहाणपणाही आहे. परंतु हा युक्तिवाद खरा असेल तर तो येमेनलाही लागू व्हायला हवा होता. ९ ऑगस्ट २०१८ रोजी उत्तर येमेनमधल्या दहयान या गावच्या बाजारात सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांच्या बसवर सौदी नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला आणि ४० मुले मेली. बसमध्ये बसताना एका मुलाने आपल्या फोनवर सोबत्यांचे चित्रीकरण केले होते. हसणारी, एकमेकांना ढकलणारी, निघायची घाई झालेली मुले त्यात दिसतात. बॉम्ब अमेरिकी बनावटीचा असल्याचे त्याच्या तुकड्यांवरून निष्पन्न झाले. आघाडीने आधी ही वैध लष्करी कारवाई असल्याचे सांगितले, मग तीन आठवड्यांनी चुका झाल्याचे कबूल केले. दोन महिन्यांच्या आत इस्तंबूलमध्ये पत्रकार जमाल खाशोगी यांची हत्या झाली आणि तेव्हा मात्र सौदी राजवटीविरुद्ध जगभर संतापाची लाट उसळली. ती उसळली हे योग्यच झाले. पण त्या एका माणसाचे लेख पश्चिमेतल्या संपादकांनी वाचले होते, तो त्यांच्या ओळखीचा होता, आणि दहयानच्या मुलांना कुणी ओळखत नव्हते, याखेरीज त्या दोन प्रतिक्रियांमधल्या अंतराचे दुसरे कारण मला सापडत नाही. शस्त्रविक्रीच्या विरोधात लढणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने चिकाटीने खटला चालवून जून २०१९ मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाकडून सौदी अरेबियाला दिलेल्या परवान्यांची प्रक्रिया बेकायदा ठरवून घेतली. काम करणारे होते, ते थोडे होते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ च्या अखेरीस या युद्धाने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्षपणे ३,७७,००० जीव घेतलेले असणार होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मानवाधिकार परिषदेने येमेनविषयीच्या आपल्याच तज्ज्ञगटाची मुदत वाढवण्याचा ठराव १८ विरुद्ध २१ मतांनी पाडला. परिषदेच्या इतिहासात एखादा ठराव असा पडण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यावर निघालेले पत्रक मला आठवत नाही.

पुराव्याच्या या दुहेरी मापाचा सर्वांत थेट अनुभव निर्वासितांना येतो. मोठ्या संख्येने आलेल्या लोकांना, प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी न करता, एकत्रितपणे संरक्षण देण्याची तरतूद युरोपीय संघाने २००१ मध्ये केली. २०१५ मध्ये सिरिया, अफगाणिस्तान आणि इराकमधून दहा लाखांहून अधिक माणसे आली तेव्हा ती वापरली गेली नाही. आपल्या जिवाला खरोखर धोका होता हे प्रत्येकाने तारखा, कागद आणि जखमांच्या खुणा दाखवून सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. ४ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर आठवड्याच्या आसपास, ती तरतूद पहिल्यांदा लागू झाली. युक्रेनच्या लोकांना जे मिळाले ते कुणाही युद्धग्रस्ताला मिळायला हवे असेच होते. सिरियातल्या अलेप्पोतून आलेल्या बाईला मात्र, आपल्या डोक्यावर बॉम्ब पडत होते, हे अधिकाऱ्यापुढे बसून पटवून द्यावे लागले.

आता ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण माझे हे पत्रही त्याच माळेतले आहे असे काहींना वाटेल. शार्पव्हिलमध्ये २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घातल्यानंतर दक्षिण आफ्रिकेवर जगाचा दाब वाढत गेला, आणि तिथले गोरे सरकार सतत एकच विचारत राहिले, की इतर आफ्रिकी देशांतल्या हुकूमशहांबद्दल तुम्ही गप्प का, आमच्यावरच डोळा का? तथ्य म्हणून पाहिले तर त्या प्रश्नात खरेपणा होता. युगांडात इदी अमीन यांच्या काळात काय चालले होते हे सर्वांना माहीत होते. तरीही वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीने तो प्रश्न ऐकून हातातले काम थांबवले नाही हे फार चांगले झाले, आणि १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने सक्तीची शस्त्रबंदी घातली ती त्याच चिकाटीमुळे. प्रश्न विचारणाऱ्याला युगांडातल्या माणसांसाठी काही करायचे नव्हते, त्याला फक्त शार्पव्हिलवरची चर्चा बंद पाडायची होती. आजही गाझाचा विषय निघाल्याबरोबर ज्यांना सुदान आठवते आणि तो संपताच ज्यांना सुदानचा विसर पडतो, किंवा इराणमध्ये महसा अमिनी यांच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्या बायकांबद्दल कुणी बोलू लागले की ज्यांना अमेरिकेचे निर्बंध आठवतात, त्यांना उत्तर देत बसायचे कारण नाही. ते निषेध कमी करायला सांगतात. मी तो वाढवायला सांगतो आहे, आणि जिथे तो आधीच चालू आहे तिथल्या एकाही वाक्याचा आवाज खाली आणायला सांगत नाही.

सुदानचे नाव निघालेच आहे. १५ एप्रिल २०२३ पासून तिथले लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे, एक कोटीहून अधिक माणसे विस्थापित झाली आहेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. दारफूरमधल्याच अल फाशर शहराला सुमारे दीड वर्ष वेढा होता. शहराभोवती मातीचा बांध घातला जात असल्याचे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आधीच दाखवून दिले होते, म्हणजे आत अडकलेल्यांना बाहेर पडता येणार नाही हे जगाला कळत होते. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर पडले. तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि सोबतची माणसे मारली गेल्याची वृत्ते जागतिक आरोग्य संघटनेने उद्धृत केली, जमिनीवर पडलेले मृतदेहांचे ढीग आणि रक्ताचे डाग अंतराळातून दिसले, आणि मारेकऱ्यांनी स्वतःच आपल्या कृत्यांचे चित्रीकरण करून ते प्रसृत केले. तिमोरच्या पहिल्या सोळा वर्षांत कॅमेरा नव्हता, असे म्हणता तरी येत होते. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात २०२० ते २०२२ या युद्धकाळात सरकारने फोन, इंटरनेट आणि बँका बंद पाडल्या होत्या, आणि त्या उपेक्षेचे कारण तिथल्या लोकांच्या कातडीचा रंग तर नाही ना, असा प्रश्न स्वतः टिग्रेचे असलेले जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी जाहीरपणे विचारला होता. अल फाशरच्या बाबतीत पुराव्याची उणीव कुठेच नव्हती, आणि तरीही आपल्यातल्या बहुतेकांनी त्यावर काही लिहिले नाही.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. पुढच्या कोणत्याही पत्रकावर सही करण्याआधी देशाचे नाव झाकून त्यातला पुराव्याचा परिच्छेद वाचावा आणि एवढ्या पुराव्यावर आपण आपल्या आवडत्या देशाच्या सरकारविरुद्ध सही केली असती का, हे स्वतःला विचारावे. उत्तर नाही असे असेल तर एक तर या वेळी थांबावे किंवा त्या वेळीही सही करावी. आपण ज्या संस्थांचे, आयोगांचे आणि आकड्यांचे दाखले देतो त्यांचे न आवडणारे निष्कर्षही त्याच पत्रकात नोंदवावेत. आपले आधीचे म्हणणे चुकीचे ठरले तर पहिले पत्रक जिथे छापले गेले तिथेच दुरुस्ती छापावी, कारण उगाच लावलेला आरोप पुढच्या खऱ्या आरोपाचे वजन कमी करतो. आणि दर महिन्याला नव्या देशाकडे वळण्याऐवजी प्रत्येक संघटनेने एखादा असा देश वर्षानुवर्षे धरून ठेवावा, ज्याच्या बातम्या येत नाहीत आणि ज्याच्या मारेकऱ्यांशी किंवा मरणाऱ्यांशी आपले काहीही नाते नाही.

सुरुवात म्हणून अल फाशरविषयीच्या पत्रकाचा मसुदा मी तयार केला आहे आणि तो लवकरच आपल्यापर्यंत पोहोचेल. त्यात रॅपिड सपोर्ट फोर्सेसने शहरात केलेल्या हत्यांची नोंद आहे, सुदानी लष्कराने बाजारांवर आणि वस्त्यांवर केलेल्या हवाई हल्ल्यांचीही आहे. संयुक्त अरब अमिरातीकडून त्या दलाला शस्त्रे पोहोचल्याचा, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने विश्वासार्ह मानलेला आरोप त्यात आहे, आणि अमिरातीने तो नाकारला आहे हेही त्याच वाक्यात लिहिले आहे. एखादा आकडा किंवा विधान उपलब्ध पुराव्यापेक्षा पुढे गेले आहे असे वाटल्यास तसे कळवावे, म्हणजे सह्या गोळा करण्याआधी ते दुरुस्त करता येईल.

आपला,
सह्या करणाऱ्यांपैकी एक सहकारी